जळालं म्हणून उरलं

निलंगा राईसच्या गाड्यावरची गर्दी ओसरली की मालक उलथन्यानं भांड्याच्या बुडाची खरवड काढतो. काळी, कडक, कुणाला नको असलेली. ही खरवड आणि वरचा मोकळा, लालसर, वाफाळता भात, दोन्ही एकाच खड्ड्यात पुरून बघा. वरचा भात काही दिवसांत मातीत जमा. खरवड मात्र राहील. पार कोळसा झालेल्या शितात बुरशीला खायला काही उरत नाही आणि किड्यालाही गोडी राहत नाही. दोन हजार वर्षांनी पुरातत्त्वाचा एखादा विद्यार्थी ती चिमट्यानं उचलील, डबीत ठेवील आणि निलंग्याच्या खाण्यापिण्यावर प्रबंध लिहून पदवी घेईल.

जुन्या शहरांना लागलेल्या आगींचंही असंच असतं. राहणाऱ्यांची राखरांगोळी, खणणाऱ्यांची दिवाळी. ऐकायला जरा निर्दय वाटतं, पण आग नसती तर खणणाऱ्यांची निम्मी कपाटं रिकामी राहिली असती.

काळी आणि पांढरी

मराठवाड्याच्या माणसाला माती दोनच प्रकारची ठाऊक: पिकायची ती काळी, राहायची ती पांढरी. पांढरी पांढरी का? चुलीची राख, शेणाचं सारवण, पडलेल्या भिंती, चुना, हाडकं, खापरं असा शेकडो वर्षांचा संसार तिच्यात मुरलेला असतो म्हणून. शास्त्रज्ञ जिला मोठ्या गांभीर्यानं ‘प्राचीन वस्तीचं टेकाड’ म्हणतात, ती आपली पांढरीच.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे असल्या पांढरीचं मोठं घर. जी तेरणा पुढं आपल्या निलंगा तालुक्यातून वाहत मांजरेला भेटते, तिच्याच काठावर हे गाव वसलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव होतं तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वाटाड्यात ते आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचं. पुढं शहर विसरलं गेलं आणि लोक घरावर टाकायला, शेतात पसरायला पांढरी उकरू लागले. उकरता उकरता मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर आल्या. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या, आणि आज त्यांच्याच नावानं तेरला सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे. १९५८ मध्ये चापेकरांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं; त्याच्या कितीतरी आधी गावच्या कुदळींनी ते आपल्या परीनं चालवलंच होतं.

कच्चं मडकं, पक्कं मडकं

तेर म्हटलं की गोरोबाकाका आलेच. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईनं यातलं कच्चं मडकं कुठलं ते पारखायला सांगितलं आणि काकांनी थापटणं उचलून एकेकाच्या डोक्यावर हाणलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले.

उत्खननातही नेमकी हीच परीक्षा होते. कच्च्या विटेची भिंत पावसात विरघळते आणि मातीत अशी मिसळते की तिला शोधायला तरबेज हात लागतो. तीच भिंत घराबरोबर पेटली तर भाजून निघते, लाल होते आणि हजारो वर्षं ताठ उभी राहते. म्हणजे सगळं शहर आव्यात घातल्यासारखं.

सीरियातल्या एब्ला शहराचा राजवाडा सुमारे ४,३०० वर्षांपूर्वी जळाला. दफ्तरखान्यात मातीच्या पाट्या लाकडी फळ्यांवर मांडलेल्या होत्या. फळ्या जळाल्या आणि पाट्या रांगेनं खाली बसल्या, भाजून पक्क्या झालेल्या. १९७५ साली इटलीच्या संशोधकांच्या हाती हा ठेवा लागला तेव्हा कुठली पाटी कुठल्या फळीवर होती, तेही सांगता येत होतं. इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूनं निनवे जाळलं. राजा असुरबनीपालचं ग्रंथालय त्यामुळंच लंडनपर्यंत पोचलं. जाळणाऱ्याला वाटलं असेल की राजाचं नाव पुसलं. त्यानं ते भट्टीत घालून पक्कं केलं.

भूर्जपत्राला ही सवलत नाही. तक्षशिलेजवळच्या जौलियान विहाराला आग लागली तेव्हा तिथल्या मातीच्या मूर्ती भाजल्या म्हणून वाचल्या. भूर्जपत्रावरच्या पोथीचे मात्र करपलेले तुकडे हाती आले. लिहायचं तर मातीवर लिहावं, असा सल्ला आजच्या लेखकाला देऊन उपयोग नाही. संपादक पाट्या घेत नाहीत.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही

ही म्हण आपण भांडकुदळ नातेवाइकांसाठी राखून ठेवली आहे. तिच्यात मोलाचं निरीक्षण दडलंय. दोरी हळूहळू, कमी हवेत जळली तर तिचा कोळसा होतो, पण पीळ जसाच्या तसा राहतो. तो उजवीकडं दिलाय की डावीकडं, सूत किती पदरी, सगळं मोजता येतं.

इंग्लंडच्या पूर्व भागात ‘मस्ट फार्म’ नावाची जागा आहे. इ.स.पू. ८५०च्या सुमारास तिथं पाण्यावर खांब रोवून घरं बांधली आणि वर्षाच्या आतच ती पेटली. जळती घरं खाली संथ पाण्यात कोसळली, विझली, गाळात गाडली गेली. २०१५-१६च्या उत्खननात काय काय मिळावं? सुताच्या गुंडाळ्या, विणलेलं कापड, आणि एका वाडग्यात पेज, तिच्यात अजून लाकडी चमचा. जेवणारा उठून पळाला तो परत आलाच नाही. आधी आग, लगेच पाणी: मुरंबा टिकवायला साखर-पाक असतो तशी ही जोडगोळी.

इंग्लंडमधल्याच कोलचेस्टरची तऱ्हा वेगळी. राणी बूडिकानं इ.स. ६०-६१ मध्ये हे रोमन शहर जाळलं. आजही तिथं पाया खणायला घेतला की लाल-काळा पट्टा लागतो. त्या पट्ट्यात सापडला जळका खजूर. इंग्लंडच्या थंडीत खजूर? म्हणजे दूरवरून जहाजानं आलेला. गोदाम पेटलं नसतं तर दुकानदारानं तो खपवला असता आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

मातीचं रोळणं

मातीत विखुरलेले जळके दाणे वेचायचे कसे? आपल्या बायका तांदूळ रोळतात: खडे खाली, तांदूळ वर. पुरातत्त्वातही तेच करतात. थराची माती पाण्याच्या टाकीत सोडून ढवळतात. माती तळाशी बसते, कोळशासारखा हलका झालेला दाणा वर तरंगतो, चाळणीवर गोळा होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली गहू की जव, उडीद की मूग, हे ओळखायचं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं घोड नदीकाठच्या इनामगावात वर्षानुवर्षं खणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं ताट असंच मांडलं. त्या ताटात मुख्य जागा जवाची होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही जळकं धान्य मिळालं. या धान्यातलं सगळंच काही मोठ्या आगीतलं नव्हे हं. बरंचसं चुलीपुढं सांडलेलं, पाखडताना उडून निखाऱ्यावर पडलेलं. एखाद्या सासूनं सुनेला त्यावरून बोल लावला असेल. इतिहासानं त्या सुनेचे आभार मानायला हवेत.

खांब म्हातारा, दाणा तरुण

आग कधी लागली? कोळसा सांगतो. झाड जिवंत असताना हवेतला किरणोत्सारी कार्बन घेतं, मेलं की घेणं थांबतं, आणि आत असलेला दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. हिशेब सरळ वाटतो ना? इथंच गोम आहे. समजा दीडशे वर्षं वाढलेल्या सागाचा गाभा खांबाला वापरला, तो खांब शंभर वर्षं वाड्यात उभा राहिला, जुना वाडा पाडून नव्यात लावला, आणि मग आग लागली. खांबाचा कोळसा झाडाची तारीख सांगेल, आगीची नाही. अडीच-तीनशे वर्षांची थाप! म्हणून जाणकार माणूस खांब सोडून शेजारच्या कणगीतले दाणे मागतो. धान्य फार तर गेल्या दोन-तीन हंगामांतलं असतं.

दुसरं घड्याळ खुद्द भाजलेल्या मातीत असतं. मातीत लोहाचे बारीक कण असतात. सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापले की त्यांची चुंबकीय आठवण पुसली जाते, आणि थंड होताना त्या दिवशी चुंबकीय उत्तर जिकडं होती तिकडं तोंड करून ते गोठतात. चुंबकीय उत्तर शतकानुशतकं सरकत असते, त्यामुळं जळकी भिंत म्हणजे एक अडकून पडलेली होकायंत्राची सुई. इस्राएलमधल्या १७ ठिकाणच्या जळक्या थरांवरून शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये जुन्या लढायांच्या तारखा अशाच ताडून पाहिल्या. एक अट आहे. भिंत जागची हललेली नसावी. कुणी वीट उचलून घरी नेली की सुई फिरली.

आगीचा ताप मोजायचा थर्मामीटर

शिसं ३२७ अंशांना वितळतं, चांदी ९६२ला, सोनं १,०६४ला, तांबं १,०८५ला. एकाच खोलीत शिशाचा थेंब झालाय आणि तांब्याचा गडवा शाबूत आहे, तर आगीची वरची-खालची मर्यादा हाती आली. हाडाचाही रंग बोलतो: आधी काळं, मग करडं, फार तापलं की खडूसारखं पांढरं. सप्टेंबर १६६६च्या लंडनच्या आगीत १३,२०० घरं गेली. ती जिथून सुरू झाली त्या पुडिंग लेनच्या उत्खननात वितळून पिळवटलेलं खापर मिळालं. पक्कं भाजलेलं भांडं पुन्हा वितळायचं म्हणजे ताप किती असेल, ते कुंभारालाच विचारावं.

खिळे राहिले, वाडा गेला

आता आपल्या घरच्या आगींकडं वळू. शनिवारवाडा: पायाभरणी जानेवारी १७३०, वास्तुशांत जानेवारी १७३२, खर्च १६,११० रुपये. साग जुन्नरच्या रानातला, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. ही यादी बांधकामाच्या अभिमानानं सांगितली जाते. मी ती आगीच्या नजरेनं वाचतो. पेशवाई संपून दहा वर्षं झाली होती. २७ फेब्रुवारी १८२८ला वाडा पेटला आणि सात दिवस जळत राहिला. जुन्नरहून आणलेलं सगळं गेलं. चिंचवडहून आणलेलं राहिलं. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा उभे आहेत. आत गेलं की गुडघाभर उंचीची जोती, कारंज्याचे हौद, हिरवळ. पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, “वाडा कुठाय?” अहो, तुम्ही वाड्यातच उभे आहात.

जळाल्यावर वाड्याची आतली जागा विसाव्या शतकापर्यंत इतर कामांना वापरली गेली. १९१९ मध्ये तो संरक्षित स्मारक झाला आणि त्यानंतर माती काढून जोती उघडी केली गेली. म्हणजे आपण ज्याला वाडा म्हणून तिकीट काढून बघतो, तो खरं तर एका उत्खननाचा तळ आहे.

रायगडाची गोष्ट दहा वर्षं आधीची. मे १८१८. कर्नल प्रॉथरच्या तोफांनी गडावर गोळे टाकले, दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई गडावर होत्या. दारूगोळ्यानं पेट घेतला, वाडे धडाडले. गड अकरा दिवस जळत होता असं सांगतात. १० मेला गड इंग्रजांकडं गेला. आज बाजारपेठेची आणि राजवाड्याची जोती दिसतात, वरचं लाकूडकाम नाही. गेल्या काही वर्षांत तिथं पुन्हा शास्त्रीय उत्खनन सुरू झालंय आणि मातीतून कौलांचे तुकडे, नाणी आणि लोखंडी खिळे निघतात.

खिळा म्हणजे फालतू वस्तू वाटते. पण तुळई जळते आणि तिचे खिळे जागच्या जागी गळून पडतात. खिळ्यांची ओळ दिसली की तुळई कुठून कुठं गेली होती ते कळतं. गंमत म्हणजे आगीत तापलेल्या लोखंडावर काळपट साय धरते आणि त्यामुळं ते साध्या खिळ्यापेक्षा कमी गंजतं. इथंही आगच राखणदार.

हंपीत देव राहिले, राजे गेले

१५६५च्या लढाईत विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची फळी उभी राहिली, तिच्यात आपल्या शेजारचा बीदरचा बरीदशहाही होता. नंतर शहर लुटलं, जाळलं. आज हंपीला जाणाऱ्याला प्रश्न पडतो: इतकी देवळं, मग राजाचा महाल कुठाय? देवळं नखशिखांत दगडाची. महालांचं जोतं दगडाचं आणि वरचा सगळा थाट लाकडाचा. राजवाड्याच्या भागात खणताना राख आणि कोळसा मिळतो, वर नक्षीदार जोती राहतात. शनिवारवाड्याचंच थोरलं भावंड.

पाटण्याला डॉ. स्पूनर यांनी १९१२-१३ मध्ये मौर्यांचा स्तंभमंडप शोधला, त्याला पैसा मुंबईच्या सर रतन टाटांचा. मातीत ठरावीक अंतरावर राखेचे गोल ठिपके दिसू लागले, सारीपाटावरच्या घरांसारखे. स्पूनरांचा तर्क असा की खांब ओल्या जमिनीत खचले आणि त्यांच्या पोकळीत वरच्या जळलेल्या छताची राख उतरली. खांब नाही, पण राखेचा खांब आहे.

इतकी राख, आणि गावच जळालं नाही!

आता थोडा पाणउतारा. राख दिसली की आग, आग म्हटलं की शत्रू, शत्रू म्हटलं की तलवारी, अशी आपली कल्पना धावते. कर्नाटकात रायचूर-बळ्ळारीकडं राखेची चक्क टेकाडं आहेत. काही ठिकाणी राख इतकी तापलेली की वितळून काचेसारखी झालीय. लोकांनी कथा रचल्या. हंपीजवळच्या निंबापुरातली राख वालीच्या चितेची. कुडतिनीची हिडिंब राक्षसाची. साहेबांनीही आपापले तर्क लढवले.

शेवटी निघालं काय? शेण! रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच हा अंदाज बांधला होता, आणि पुढं ऑलचिन यांनी उटनूर इथं १९५७ मध्ये खणलं तर राखेच्या थरात गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. नवाश्मयुगातले गुराखी गोठ्याचं शेण साचवत आणि मधूनमधून पेटवत. का पेटवत, यावर अजून वाद आहे. कुणी सण म्हणतं, कुणी रोगराईचा उपाय. आपल्याकडं होळीला गोवऱ्या रचणाऱ्या पोरांना विचारलं तर ती म्हणतील, पेटवायला कारण कशाला हवं?

शहर खरोखर जळालं हे ठरवायला म्हणून कडक कसोट्या लावतात. एका खड्ड्यातली राख चालत नाही, लांबलांबच्या खड्ड्यांत एकाच पातळीवर तोच थर हवा. जमिनीवर सामान, त्यावर छताचा कोळसा, त्यावर पडलेली भाजकी भिंत, असा क्रम हवा. घरं रिकामी असतील तर लोक आधीच निघून गेले होते. बाणांची टोकं मिळाली तर संशय गडद. युक्रेन-रुमानियाकडच्या पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या गावांतली घरं पुन्हा पुन्हा जळालेली दिसतात, आणि इतकी पक्की भाजलेली, की बरेच अभ्यासक म्हणतात ती लोकांनी स्वतःच, जास्तीचं सरपण रचून जाळली.

भूकंपाची खूण निराळी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडामातीची घरं, वरच्या जड मातीच्या माळवदासकट, झोपलेल्या माणसांवर बसली. गावं दुसरीकडं वसली, जुन्या पांढऱ्या मागं राहिल्या. तिथं पुढं कधी कुणी खणलं तर राखेचा पट्टा लागणार नाही. एका दिशेला ओसरलेले दगड लागतील. आपल्यातल्या बऱ्याच घरांना तो थर खणून बघायची गरज नाही.

गाळातलं सोनं

मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ला मोठी आग लागली आणि शहर तटाबाहेर पसरायला लागलं. पण मुंबईच्या आगींची सरदारीण १४ एप्रिल १९४४ची. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. पोटात दारूगोळा, त्याच्याजवळ कापसाच्या गाठी, आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवायची कल्पना कुणाची, हे विचारू नये. कापूस धुमसला, जहाज दोनदा फुटलं, सोन्याच्या विटा गोळ्यांसारख्या उडाल्या. एक तर दूरवरच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. आग विझवताना ६६ जवान गेले, म्हणून देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन.

उरलेल्या विटा तळाला गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षं गोदीचा गाळ उपसणाऱ्यांच्या बादलीत मधूनच काहीतरी जड, पिवळं यायचं.